फुकटची शाळा, परकी अक्षरं

मुलुंड पूर्वेला आमच्या घरापासून स्टेशनापर्यंत चालत गेलं की वाटेत 'मॉन्टेसरी' लिहिलेल्या पाट्या दिसतात. हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही. दोन खोल्या भाड्याने घ्या, भिंतीवर जिराफ रंगवा आणि पाटी लावा, नाव वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे आत खरंच ती पद्धत आहे की तीन वर्षांच्या मुलांना एका रांगेत बसवून ए फॉर ॲपल चाललंय, हे पाटीवरून कळत नाही. पाटीवरून एकच गोष्ट नक्की कळते, ती म्हणजे इथे फी आहे. आमच्याकडे 'मुलगी मॉन्टेसरीत जाते' याचा अर्थ 'अंगणवाडीत जात नाही' एवढाच असतो.

म्हणूनच माझ्या एक्सेल शीटमधली ती ओळ घरात कुणाला पटेना. माझी कंपनी मला तीन वर्षांसाठी ॲमस्टरडॅमला पाठवते आहे. लेक साडेचार वर्षांची. तिच्यासाठी शाळांची यादी केली. वरच्या ओळींत इंग्रजी माध्यमाच्या इंटरनॅशनल शाळा होत्या. त्यातल्या ज्यांना तिथलं सरकार थोडी मदत करतं, त्यांची फी वर्षाला काही हजार युरो. पूर्ण खासगी शाळांची वीस हजारांच्या वर. खालच्या ओळीत होतं : मॉन्टेसरी, सरकारी, माध्यम डच, फी शून्य.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, फॉरेनला जाऊन पोरीला सरकारी शाळेत घालणार?" नवरा म्हणाला, "शून्य चुकून पडलंय का बघ."

चुकून पडलं नव्हतं. या शून्यामागे एक जुनं भांडण आहे. धार्मिक शाळांना सरकारने पैसे द्यावेत की नाही, यावर डच लोक कित्येक दशकं भांडले आणि १९१७ साली त्यांनी राज्यघटनेत तोडगा लिहिला. शाळा सरकारने काढलेली असो की पालकांच्या एखाद्या संस्थेने, ठरलेली गुणवत्ता पाळली की दोघींना सरकारकडून सारखाच पैसा. भांडण धर्माचं होतं, पण फायदा शिकवण्याच्या वेगळ्या पद्धतींनाही झाला. तिथे मॉन्टेसरी शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी पैशातून होतो. शाळा सहली-समारंभांसाठी पालकांकडे वर्गणी मागते. पण ती ऐच्छिक असते, आणि ती दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळायला २०२१ पासून कायद्याने बंदी आहे.

बाकीचे नियमही साधे आहेत. चार वर्षं पूर्ण झाली की मूल शाळेत जाऊ शकतं, पाचव्या वर्षापासून सक्ती. ॲमस्टरडॅममध्ये सहा वर्षांच्या पुढच्या नवख्या मुलांना आधी भाषेच्या वेगळ्या वर्गात बसवतात, चार-पाच वर्षांची मुलं थेट नेहमीच्या वर्गात जातात. मॉन्टेसरीत वर्गही मिश्र वयाचे. नव्या मुलीला डबा कुठे ठेवायचा, चटई कशी गुंडाळायची, हे बाई सांगायच्या आधी सहा वर्षांची ताई दाखवते. भाषा न येणाऱ्या मुलीसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे मोठ्यावर लहान असे रचताना डच यावं लागत नाही. चुकलं तर मनोराच सांगतो.

घरात हे सगळं सांगून झालं तरी सासूबाईंचं 'फुकट म्हणजे असंतसंच' काही हलेना. त्यांना उत्तर दिलं ते माझ्या आत्याने. आत्या घाटकोपरला असल्फ्याच्या वस्तीत बालवाडी चालवायची. ती म्हणाली, "मॉन्टेसरी फुकटच होती हो, विहिणबाई. फी नंतर लागली."

आत्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मारिया मॉन्टेसरीने पहिलं बालगृह काढलं ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, ६ जानेवारी १९०७ ला. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यात उच्छाद मांडणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या पांढरपेशा मुलांपुरतं हे राहावं, हे त्यांना मान्य नव्हतं. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे बोरिवलीहून आपली पश्चिम रेल्वेच धरून डहाणूच्या पुढे, घोलवडला उतरायचं. तिथे त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर वापरला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. परदेशी लाकडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजणं आणि जुळवणं सुरू झालं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली.

आत्या एका शिबिरासाठी कोसबाडला जाऊन आली होती. तिच्या बालवाडीत काजूच्या बिया आणि बाटल्यांची झाकणं होती, आणि मुलं ती चटईवर मांडून बसायची. पाटीवर मात्र मॉन्टेसरी नव्हतं. म्हणजे आमच्या उपनगरात पद्धत एका बाजूला राहिली आणि नाव दुसऱ्या बाजूला. डच लोकांनी काही जादू केलेली नाही, त्यांनी पैसा मुलामागे पाठवला एवढंच.

त्यामुळे फुकट असण्याची भीती माझ्या मनात नव्हतीच. होती ती भाषेची, आणि ती मनात आली एका दुसऱ्या मुलीच्या शाळेमुळे.

ॲमस्टरडॅमच्या शाळा शोधताना 'सहावी मॉन्टेसरी शाळा' असं नाव दिसलं, पुढे 'ॲन फ्रँक'. ही तिचीच शाळा. हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रँक कुटुंब फ्रँकफर्टहून ॲमस्टरडॅमला आलं. १९३४ साली ॲन या शाळेच्या बालवर्गात जाऊ लागली, तेव्हा ती चार वर्षांची होती. थोरली मार्गो साध्या शाळेत गेली. एका जागी न बसणाऱ्या, बडबड्या ॲनसाठी मॉन्टेसरी निवडली. परक्या देशात आलेल्या आईबापांनी घरी बसून केलेली हीच निवड. १९४१ साली ज्यू मुलांना इतर मुलांच्या शाळांत बंदी झाली आणि तिला ही शाळा सोडावी लागली.

तिच्याशी आमची तुलना करायची नाही. ते जीव वाचवायला गेले होते, आम्ही पगारासाठी जातोय. पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. ॲनने डायरी लिहिली ती डचमध्ये, शाळेच्या भाषेत. घरची भाषा जर्मन होती, आणि तिच्या आईला डच शेवटपर्यंत जडच गेलं. चार वर्षांची मुलगी ज्या भाषेत खेळायला शिकते, त्या भाषेत ती पुढे मनातलं लिहू लागते. मग आईने काय वाचायचं?

इंग्रजी शाळेत घातलं तर हा प्रश्न सुटतो का? मुलुंडमध्ये आजूबाजूला बघा. मराठी घरातली किती मुलं मराठीत चिठ्ठी लिहितात? आपण इंग्रजीला परकी म्हणत नाही म्हणून तिने काही नेलं नाही असं होत नाही. डच निदान ज्या रस्त्यावर राहायचं त्या रस्त्याची भाषा आहे. लेकीला बागेतल्या मुलांशी बोलता येईल. माझं इंग्रजी ऑफिस सोडून कुठेही मुलांच्या घोळक्यात शिरू शकणार नाही.

तीन वर्षांनी परत आलो तर, हा नवऱ्याचा प्रश्न खरा आहे. तेव्हा ती साडेसात वर्षांची असेल आणि डच कुणाच्या उपयोगाचं नसेल. आमच्याच मुलुंडला मिठागर शाळेत महापालिकेने २०२१ साली सीबीएसई सुरू केलं. फी नाही, आणि अशा शाळांत प्रवेशासाठी सोडत काढावी लागली आहे, इतके अर्ज येतात. तिचं नाव त्या सोडतीत टाकायचं की फीवाली शाळा बघायची, ते तेव्हा ठरवू. त्या वयाची मुलं भाषा भराभर उचलतात आणि तितक्याच भराभर विसरतातही. डच विसरली तर विसरेल. ओतून घेणं, पुसून ठेवणं, आपलं काम आपण संपवणं तिच्याकडे राहील.

मराठीचं मात्र कुठलीही शाळा बघणार नाही. ते काम घरचं. आत्याने त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, त्याची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. पूर्वी वस्तीत ती अशीच करायची. मूल बोट फिरवतं आणि अक्षराचं वळण आधी हाताला कळतं.

गेल्या आठवड्यात त्या सरकारी मॉन्टेसरीचं मेल आलं, बालवर्गात जागा आहे. आम्ही हो कळवलं. सासूबाईंनी विचारलं, "फॉर्मचे किती?" काहीच नाही, म्हटलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग आत्याच्या अक्षरांचा गठ्ठा उचलून मोजू लागल्या. "ळ नाहीये यात," म्हणाल्या. "तिला सांग, करून दे. तिकडे कोण शिकवणार आहे?"