दहापैकी किती दुखतंय?

बाईच्या दुखण्याबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, ‘बाईच्या जातीला सोसायची सवय हवी.’ दुसरं, ‘बायका जरा काही झालं की बाऊ करतात.’ एकाच शरीराबद्दल ही दोन्ही खरी कशी असतील, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. गंमत म्हणजे दोन्हींचा अर्थ शेवटी एकच. गप्प बस!

माझी अर्धशिशी अकरावीत सुरू झाली. आईकडे त्यावर सुंठेचा लेप आणि कपाळाला घट्ट बांधलेली ओढणी. पुढे हिंजवडीत नोकरी लागली आणि लेपाची जागा पर्समधल्या पेनकिलरने घेतली. क्लाएंट कॉल चालू आहे, डाव्या डोळ्यामागे कुणीतरी स्क्रू पिळतंय, स्क्रीनकडे बघवत नाहीये आणि आपण मात्र ‘येस, शुअर’ करतोय... ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल! एका रात्री उलट्या थांबेनात म्हणून नवरा हॉस्पिटलात घेऊन गेला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, "आठ." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "घरी काही टेन्शन आहे का हो?"

मी टेस्टिंगवाली. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा का बिघडते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून वाचायला लागले.

पहिलं कळलं ते हे, की मी एकटी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात झालेला एक अभ्यास २००८मध्ये छापून आला. पोटात दुखतं म्हणून इमर्जन्सीत आलेल्या पुरुषांना पेनकिलर मिळायला सरासरी ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५! दुखणं दोघांनी साधारण सारखंच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त भारी. आपल्या मेंदूत स्वतःचं मेडिकल स्टोअर असतं. १९७५मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन शोधून काढलं. अफूतल्या मॉर्फिनसारखं काम करणारं, पण शरीराने घरच्या घरी बनवलेलं. एंडॉर्फिन त्याच घराण्यातलं. दुखायला लागलं की ही रसायनं ठरावीक रिसेप्टर्सवर जाऊन बसतात आणि वेदनेचा आवाज कमी करतात.

हे स्टोअर सगळ्यांकडे सारखंच चालतं का? २००२मध्ये मिशिगन विद्यापीठात जॉन-कार झुबिएटा आणि सहकाऱ्यांनी १४ पुरुष आणि १४ बायकांच्या जबड्याच्या स्नायूत तीव्र मिठाचं पाणी सोडलं. दुखणं सगळ्यांचं सारख्या पातळीवर ठेवलं आणि मेंदूचे पेट स्कॅन काढले. पुरुषांच्या मेंदूतली ही यंत्रणा काही भागांत जास्त जोरात कामाला लागली होती. पण बायकांची तपासणी झाली ती इस्ट्रोजेन कमी असण्याच्या दिवसांत. २००६मध्ये याच गटाने बायकांना इस्ट्रोजेनचा पॅच लावून बघितलं. तेव्हा त्यांचीही यंत्रणा चांगलीच जागी झाली!

हे वाचून मी कॅलेंडर काढलं. माझे वाईट अ‍ॅटॅक पाळीच्या आदल्या दोन दिवसांतले. नेमकं तेव्हाच इस्ट्रोजेन घसरतं. अर्धशिशीचं सगळं कोडं यातून सुटत नाही, पण वयात आल्यावर हे दुखणं बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट का दिसतं, याचा एक धागा इथे आहे.

म्हणजे बायका कच्च्या? थांबा. २०२४मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फादेल झैदान यांच्या टीमने ९८ जणांना ध्यान करायला लावलं आणि पायाला चटका देऊन बघितलं. ध्यानाने स्त्री-पुरुष दोघांचंही दुखणं कमी झालं. मग नॅलॉक्सोन देऊन ते रिसेप्टर्स बंद केले. पुरुषांचा आराम घटला, बायकांचा टिकला. म्हणजे आपलं शरीरही वेदना शमवतं, फक्त दुसऱ्या वाटेने.

ती वाट अजून पुरती सापडलेली नाही, कारण शोधलीच नाही. मादीच्या हार्मोन्सचं चक्र किचकट म्हणून वर्षानुवर्षं वेदनेचे बहुतेक प्रयोग नर उंदरांवरच झाले. आणि गोळ्या मात्र आपण सगळे त्याच गिळतो!

अर्थात ही सरासरीची गणितं. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधला तो कदाचित माझ्याहून जास्त सोसत असेल आणि ‘पुरुषासारखा पुरुष असून’ हे ऐकायला नको म्हणून बोलत नसेल.

मी आता मोबाईलमध्ये लिहून ठेवते. तारीख, वेळ, पाळीचा दिवस, कुठली गोळी, किती तासांनी उतरलं. सहा महिन्यांची ही यादी नव्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि त्या दोन दिवसांसाठी वेगळं औषध आखून दिलं. टेन्शनबद्दल एक शब्द नाही.

दुखणं मोजायचं मीटर अजून कुठल्याच दवाखान्यात नाही. ज्याला दुखतंय त्याचा शब्द, एवढंच आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हसून ‘तीन-चार’ म्हणू नका. आठ असेल तर आठच सांगा.