काळा चेहरा, उजळ पडदा

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठच्या एका भिल्ल वस्तीत, मोबाइलचा पडदा बराच वेळ निरखल्यावर एक आई म्हणाली, 'हाऊ मना आंडोर नही.' पडद्यावर नाचणारा तरुण तिचाच मुलगा होता. मराठी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, सुट्टीत मजुरीला जाणारा, आणि गाण्यांच्या व्हिडिओंत काम करण्याचा नाद लागलेला. त्याने आईला एकामागून एक असे दोन व्हिडिओ दाखवले होते. पहिला एका अहिराणी गाण्याचा, इतरांनी काढलेला. त्यातले नायक-नायिका उजळ कांतीचे. हा नायकाच्या मित्रांच्या घोळक्यातला, चिखलात घसरून पडणारा, दात दाखवून हसवणारा सोंगाड्या. तो पाहून आई खळखळून हसली. मुलाला तिने तात्काळ ओळखले. दुसरा व्हिडिओ ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी त्याने आणि त्याच्या मित्रांनी स्वतः काढलेला. त्यात तो नायक आहे. हातात धनुष्यबाण, डोक्यावर पिसांचा मुकुट, आणि संकलनाच्या वेळी उजळून घेतलेला चेहरा. आईने नाकारला तो हा चेहरा.

घटना घरगुती आहे, पण प्रतिमेच्या राजकारणाचा एक अवघड पेच तिच्यात सामावलेला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या अवहेलनेच्या प्रतिमेत मुलगा आईला सापडतो, आणि स्वतःच घडवलेल्या गौरवाच्या प्रतिमेत तो हरवतो. कॅमेरा हाती आला की साचेबंद प्रतिमा आपोआप मोडते, हे गृहीतक येथे डळमळते.

अमेरिकेतील काळ्यांच्या इतिहासात हा पेच जुना आहे. १८३०च्या सुमारास टॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून 'जिम क्रो' या काळ्या माणसाचे सोंग आणीत असे आणि त्याच्या नावाचे गाणे म्हणत नाचत असे. पुढे दक्षिणेतील वर्णविभक्तीच्या कायद्यांना तेच नाव चिकटले. सोंग आधी आले, कायदा मागाहून. खानदेशातील भिल्लाची प्रतिमाही अशीच बाहेरून रचली गेली. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेश भिल्ल पलटण उभारली. तेव्हापासून सरकारी नजरेला भिल्ल दोनच रूपांत दिसू लागला : एक तर लुटारू, नाही तर इमानी शिपाई. स्वतःच्या शेताची, कर्जाची, प्रेमाची चिंता करणारा सामान्य माणूस या दोहोंत कुठेच बसत नव्हता. अहिराणी व्हिडिओतला सोंगाड्या आणि आदिवासी दिनाचा धनुर्धारी यांच्यातही तो बसत नाही. शिवाय तो पिसांचा मुकुट भिल्लांचा नव्हे. अमेरिकेच्या मूलनिवासींचा, हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांनी जगभर पसरवलेला. म्हणजे अस्मितेचे चिन्हही दुसऱ्याच्या साच्यातून उसने आले.

मराठी वाङ्मयाला काळ्यांच्या लढ्याचा परिचय आहे. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव १९७२ मध्ये मुंबईच्या दलित पँथरने घेतले. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'मधून भिल्ल माणूस स्वतःच्या आवाजात बोलू लागला. परंतु हा सारा संवाद शब्दांत झाला. कवितेतील काळ्या चेहऱ्यावर दिवे टाकावे लागत नाहीत. पडद्यावर ते टाकावे लागतात, आणि ते कोणाच्या त्वचेसाठी बेतलेले आहेत हा प्रश्न तेथे सुरू होतो. कोडॅकची रंगीत फिल्म अनेक दशके गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून प्रमाणित केली जात असे. गडद छटा नीट उमटत नाहीत, या तक्रारीची दखल घेतली जाण्यात चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या व्यापाऱ्यांचा वाटा काळ्या माणसांपेक्षा मोठा होता, असे सांगितले जाते. भारतात १९७५ पासून विकल्या गेलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला गोरेपणा २०२० मध्ये गळाला. मोबाइलमधील चेहरा उजळण्याची कळ मात्र शाबूत आहे.

या नजरेलाच लक्ष्य करणारा व्हिडिओ म्हणजे मे २०१८ मधील चाइल्डिश गॅम्बिनोचा 'धिस इज अमेरिका'. आरंभीच नायक जिम क्रोच्या जुन्या चित्रातील वाकड्या ठेवणीत उभा राहतो आणि त्याच ठेवणीत गोळी झाडतो. मग तो नाचत राहतो, आणि मागे दंगल, पळापळ, आग चालू असते. प्रेक्षकाची दृष्टी नाचावर खिळते आणि मागचे निसटते. प्रेक्षकाला स्वतःच्या पाहण्याची लाज वाटायला लावणे, हे या कृतीचे सामर्थ्य.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलै २०१८ रोजी, साक्री तालुक्यातीलच राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार केले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच घरोघर पोहोचली होती. अनोळखी वेश आणि भटके जिणे, एवढाच पुरावा पुरेसा ठरला. पुढे मारहाणीची दृश्ये देशभर फिरली, आणि त्यांतून 'रानटी आदिवासी' हा दुसरा साचा बळकट झाला. एका साच्याने पाच माणसे मारली. दुसऱ्याने उरलेल्या सगळ्यांचे चेहरे पुसले. गाणे ज्या पडद्यावर येते, त्याच पडद्यावर हेही आले. म्हणून गाण्यांच्या व्हिडिओंचा प्रश्न केवळ करमणुकीचा उरत नाही.

मराठीत या प्रश्नाला थेट भिडणारी कृती म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). कैकाडी समाजातला सावळा जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, कारण तिच्या राखेने शालू वश होईल असे त्याला सांगितले गेले आहे. म्हणजे येथे काळेपणाच मंतरलेला आहे. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी केलेले अजय-अतुल यांचे गाणे घराघरांत गाजले. चित्रपटात ते नाही. त्या गाण्यात प्रीतीचा उन्माद आहे. चित्रपटात प्रीती अखेरपर्यंत अव्यक्त राहते आणि शेवटी दगड प्रेक्षकावर येतो. ज्यांनी केवळ गाणे पाहिले, त्यांना तो दगड लागला नाही. गाणे देते आणि झाकतेही, ते असे.

साक्रीच्या त्या तरुणाला वर्गात 'फँड्री' अभ्यासाला होता. चेहरा का उजळला, असे विचारता त्याने शांतपणे सांगितले, 'काळा ठेवला तर कोणी बघत नाही, सर.' या उत्तराला समीक्षेपाशी तयार प्रत्युत्तर नाही. सौंदर्याचे निकष कोणी घडवले, हा प्रश्न धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' मांडताना याच जिल्ह्यात उपस्थित केला होता. तो ग्रंथांपुरता राहिला; मोबाइलच्या पडद्यापर्यंत कोणी नेला नाही. अहिराणी गाण्यांना बाजारू म्हणून बाजूला सारणाऱ्या विद्यापीठीय समीक्षेला त्या तरुणाची अडचण दिसलीच नाही.

ती त्याच्या आईला दिसली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मुलाने दुसरा व्हिडिओ काढून टाकलेला नाही. पाहणारे वाढत आहेत आणि त्याला त्याचा आनंदही आहे. मात्र आईला दाखवायचा झाला तर तो अजून पहिलाच दाखवतो. चिखलात पडताना का होईना, तेथे तो तिला ओळखू येतो.