आईची पेटी

ग्रँड पियानो आम्ही बुधवाऱ्यातल्या माणसांनी पाहिला तो फक्त पडद्यावर. पांढऱ्या सुटातला नायक त्या काळ्याभोर धुडापुढे बसून गाणे म्हणतो, नायिका जिन्यात उभी राहून डोळे टिपते, आणि आम्ही बाकावर बसून हिशेब करायचो की हे धूड आपल्या गल्लीत आणलेच, तर कोणत्या दारातून शिरेल! पुढे कुठेतरी वाचले, मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब असतो आणि वजन पाच क्विंटलच्या घरात जाते. घेणाऱ्याने म्हणे आधी खोली मोजावी, मग पियानो पाहावा. लहान खोलीत मोठा पियानो गाणाऱ्यालाच गिळून टाकतो. हे शहाणपण मला १९८७ साली असते, तर आईच्या बाबतीत झाली ती चूक झाली नसती.

आमचा पियानो म्हणजे पेटी. एकोणिसाव्या शतकात ती पॅरिसहून निघाली तेव्हा पायाने भाता मारायची होती. कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून बसणाऱ्यांच्या हाताशी आणली. मराठी नाटकवाल्यांनी पायाचा ऑर्गनही सोडला नाही. रेडिओने मात्र १९४० साली पेटीला दार बंद केले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे बारा ठोकळेबाज स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा आक्षेप. आणि तो खोटाही नव्हता. ती बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडावे लागले. बुधवाऱ्यातल्या बायकांच्या भजनी मंडळाला मात्र बंदीचा पत्ताच नव्हता. दर एकादशीला आमच्या माजघरात आईची पेटी उघडायचीच.

ती पेटी १९७८ साली ताईच्या लग्नात विकली गेली. कुणी मागितली नव्हती. आईनेच एका दुपारी तिला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि संध्याकाळी वडिलांच्या हातात पैसे ठेवले. त्यानंतर नऊ वर्षे ती टाळांवर भजने म्हणत राहिली. मी तेव्हा शाळेत मास्तर. (आमचे गाव त्या वेळी पूर्व निमाडात होते, बऱ्हाणपूर जिल्हा झाला तो २००३ साली.) पगाराची थकबाकी हाती आली, तेव्हा मनात एकच होते. आईला पेटी. आणि तीही अशी, की गल्लीने पाहत राहावे.

आईला न सांगता गाडीत बसलो. खानदेशातल्या एका दुकानात गेलो आणि तिथली सर्वांत मोठी पेटी मागितली. खर्ज, नर आणि मादी अशा तीन सुरांची, कपलरची, वर पट्टी सरकवून स्वर बदलायची सोय. दुकानदाराने दोन्ही हातांनी ती वाजवून दाखवली आणि दुकान नुसते दणाणून गेले. मी भारावलो. गाणारे माणूस घरी होते आणि पेटीची परीक्षा करीत होते माझे कान! हमालाने ती स्टेशनवर उतरवली तेव्हा म्हणाला, "मास्टरजी, इसमें लोहा भरा है क्या?"

आईने पेटीला हळदकुंकू वाहिले. एकादशीला वाजवलीही. पुढच्या एकादशीला मात्र म्हणाली, "आज खांदा दुखतोय रे." मग पेटीवर विणलेले झाकण आले, झाकणावर फुलदाणी. मला वाटले, आई तिला जपते आहे. घरातल्या बाईची वस्तू ठेवणीत गेली म्हणजे ती आवडली, असे आपण पुरुष किती सहज धरून चालतो!

असे वर्ष गेले. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर देवघरात आई हलक्या आवाजात गात होती. साथीला काही नाही.

"आई, पेटी काढून देऊ का?"

"नको रे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ती फार मोठ्याने बोलते. मला माझाच आवाज ऐकू येत नाही. तू एवढ्या हौसेने आणलीस, सांगू कशी?"

दुसऱ्या दिवशी मी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. लहान पेटी दाखवा म्हटले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अम्माजी को नहीं लाए? फिर गाएगा कौन?"

आईला टांग्याने नेले. मिस्त्रींनी आधी तिला पेटीशिवाय गायला लावले. ती लाजली, मग दोन ओळी म्हटल्या. त्यांनी एकेक पट्टी दाबत तिचा षड्ज शोधला. आईची पट्टी काळी चार, असे सारे घर जन्मभर म्हणत आले होते. वयाबरोबर ती काळी तीनवर उतरली होती आणि आम्हांला कुणाला ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी कोपऱ्यातून एक जुनी, दोन सुरांची पेटी काढली. सूर जर्मन. भाता भरून, एकही पट्टी न दाबता, तो किती वेळ तग धरतो ते मला दाखवले. भराभर बसला तर वारा गळतो. मग भाता जेमतेम हलवत एकेक पट्टी अलगद दाबली. चांगला सूर थोड्या वाऱ्यावर बोलतो. थकलेल्या खांद्याला हेच हवे होते. काळी तीनचा सूर किंचित चढा होता; त्यांनी पितळी पात मुळाशी घासून तो उतरवला. टोकाशी घासली असती तर आणखी चढला असता.

मोठी पेटी बदल्यात दिली. अर्धे पैसे बुडाले. आई परतताना टांग्यात लहान पेटी मांडीवर घेऊन बसली होती. खाली ठेव म्हटले तरी ठेवीना.

त्यानंतर ती सहा वर्षे गायली. शेवटच्या वर्षी पट्टी आणखी अर्धी खाली आली होती, तेव्हा मिस्त्रीही नव्हते.

पेटी अजून माझ्याकडे आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या अडकतात. नात दहा वर्षांची झाली, तिला गाणे शिकायचे आहे. आजीची पेटी तिला चालेल असे मी धरून चाललो होतो. बसून ऐकले, तर तिचा गळा काळी पाचला मोकळा होतो आणि तिथे या पेटीचे वरचे सूर चिरकतात. दिवाळीनंतर तिला घेऊन जळगावला जायचे ठरले आहे. पैसे मी देणार. दुकानात आधी गाणार ती.