पावलाला साचा नसतो

पावसाळ्यात, शाळा भरायच्या वेळी, वर्गाच्या दाराशी उभं राहिलं की पावलं वाचता येतात. पेणच्या खारेपाटातून बांधाबांधानं आलेली मुलं नळाखाली चिखल धुतात, न धुतल्यासारखा, आणि तशाच ओल्या पायांनी फरशीवरून आत पळतात. मागे उरते टाच, बाहेरची कड, मधली कोरडी खाडी आणि पुढे पाच थेंब. एखादं पाऊल सगळंच्या सगळं उमटतं, सपाट तळव्याचं. आणि क्वचित एखाद्या ओळीत टाच नसतेच. नुसती बाहेरची कड, दर पावलाला आत वळलेली, त्या गर्दीतून आपली वेगळी वाट काढत बाकापर्यंत गेलेली.

फरशी वाळते. ओळ पुसते.

मुलांचे पाय वाढताना किती वळणं घेतात! नुकतं चालू लागलेलं मूल फेंगडं पडत-झडत चालतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याचे गुडघे एकमेकांवर घासू लागतात, आणि सातव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांचे पाय कुणी काही न करता सरळ होतात. तळव्याची कमानही अशीच सावकाश उभी राहते. आजीनं तेल लावून चोळलं म्हणून पाय सुधारले, असं घरोघर म्हणतात, आणि खुशाल म्हणावं. त्या तळहाताची ऊब मुलाला मिळालेली असतेच. पण जे आपणहून सरळ होत नाही, तेही याच घोळक्यातून चालत असतं. एकाच पायात आलेला बाक, वर्षागणिक वाढणारा बाक, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडून कोवळी हाडं लवली तो मुडदूस, आणि जन्मतःच आत वळलेलं पाऊल. ‘मोठं झालं की होईल नीट’ हे एकच वाक्य सगळ्यांच्या वाट्याला येतं. कुणाच्या बाबतीत ते खरं ठरतं. कुणाची त्या वाक्यात वर्षं जातात.

साधारण हजार बाळांमागे एक-दोघं असं वळलेलं पाऊल घेऊन येतात. का, ते बहुतेक वेळा सांगताच येत नाही. काही घरांत ते पिढीतून येतं, एवढंच. पण आईला कारण लागतं, आणि नसलं तर गाव ते पुरवतं. रोह्याकडच्या एका बाईनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, ग्रहणात मी विळीवर बसले होते. मुलगा तेव्हा तिसरीत होता. म्हणजे तितकी वर्षं ती स्वयंपाकघरातल्या त्या पात्याकडे कशा नजरेनं बघत आली असेल? सूर्य झाकला जातो तो चंद्र मध्ये आल्यानं, आणि त्या चंद्राची सावली कुणाच्या पोटातल्या बाळाच्या पावलाला शिवत नाही. हे तिला सांगायला कुणी गेलंच नव्हतं.

पेणमध्ये कुठल्याही आळीत शिरलं की गणपतीच्या कारखान्यातला पांढरा भुगा पायाला लागतो. हमरापूर, जोहे, सगळीकडे तोच. साच्यात ओतलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना कोमट होतं. कारागिराच्या बोटांना ती ऊब ओळखीची असते. नेमकं हेच प्लास्टर 1852 मध्ये मातायसेन या डच लष्करी डॉक्टरनं पट्टीवर पसरून मोडक्या हाडांसाठी आणलं, आणि पुढे अमेरिकेतल्या आयोवात इग्नासिओ पोन्सेती या स्पेनहून आलेल्या डॉक्टरनं त्याच पट्टीनं बाळांची वळलेली पावलं सरळ करायची रीत बसवली. आठवड्याला एक प्लास्टर. डॉक्टर पाऊल हातात घेतात, अंगठ्यानं घोट्यापुढचं हाड चाचपतात, पाऊल सोसवेल तेवढंच बाहेर वळवतात आणि ओली पट्टी गुंडाळून ती धरेपर्यंत हात काढत नाहीत. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. पाच-सहा-सात प्लास्टरांनंतर बहुतेकांच्या टाचेमागची शीर एका बारीक छेदानं सैल करतात. मग आडव्या दांडीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, नंतर चार वर्षांचं होईतो झोपेत. गणपतीच्या पावलाला साचा असतो. मुलाच्या पावलाला नसतो. तिथे धरून ठेवणारा हातच साचा होतो.

शाळेच्या वयापर्यंत राहून गेलं तर हाडं हट्टी झालेली असतात, प्लास्टरं वाढतात, कधी शस्त्रक्रिया लागते. तरीही पाऊल ऐकतं. मुंबईत 1947 साली फातेमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या आपल्या लेकीच्या निमित्तानं इतर मुलांसाठीही दवाखाना उघडला, त्यामागे हाच भरवसा होता. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात. त्यांच्या यादीत वळलेलं पाऊलही आहे, मुडदूसही आहे. पण यादी ज्याच्यापर्यंत पोचायची, तो त्या दिवशी शाळेत हवा. दिवाळी सरली की कातकरी वाड्यांची दारं बंद होतात, माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पोरं बरोबर जातात. दर आठवड्याचं प्लास्टर भट्टीवर कोण बांधणार? दिव्याची गाडी पकडून मुंबई गाठायची तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि उचल फेडायची तर दिवस बुडवून चालत नाही. मला वाटतं, प्लास्टरच त्या भट्टीपर्यंत गेलं पाहिजे. तसं झालं नाही, तर आईला दोष द्यायचा हक्क आपल्यापैकी कुणालाही नाही.

विळीची गोष्ट सांगणाऱ्या त्या बाईचा मुलगा मग उशिरानं का होईना, उपचारांच्या वाटेला लागला. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी पोलिसांची मानवंदना घेऊन रोह्यात निघते. त्या गर्दीत मी त्याला पाहिलं, एका पायात जाड तळाचा बूट. आजी म्हणाली, “पालखीपुढं अनवाणी चालतात रे.” पोरानं बुटाच्या पट्ट्याला हात घातला. तिनं तो हात धरला. “राहू दे. महाराजांना चालतं.” ढोल जवळ आले तसा तो आजीच्या हातातून सुटला, बूट रस्त्यावर खरवडत, खांद्यांमधून वाट काढत; आणि आई मागून ओरडत राहिली, “अरे, सावकाश!”