त्या दिवशी न आलेला पेपर

एका छोट्या प्रकाशनाकडे लेख पाठवताना माणूस ज्या ज्या चुका करू शकतो, त्यातल्या बहुतेक मी एकाच लेखात उरकल्या. शब्दमर्यादा हजाराची होती. माझा लेख साडेतेराशेच्या पुढे गेला होता आणि एवढं चालतं असं मीच ठरवलं. मजकूर पूर्वी कुठे छापलेला नसावा, दुसरीकडे पाठवला असल्यास कळवावं, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी तोच लेख मराठीत एका दिवाळी अंकाला देऊन बसले होते. भाषा वेगळी म्हणजे लेख वेगळा, अशी मनाची समजूत घातली. सोबतचं पत्र दोन ओळींचं पुरलं असतं, ते मी पानभर लिहिलं आणि त्यात एका स्पर्धेतलं बक्षीसही घुसडलं. बक्षीस उत्तेजनार्थ होतं, एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं.

या चुका हसण्यावारी नेता येतात. पुढची नेता येत नाही.

प्रकाशन चेन्नईतलं. नाव घेत नाही, कारण त्यांचं काही चुकलं नाही आणि या सगळ्यात त्यांना ओढायची गरज नाही. शहर आणि पाणी या विषयावर ते छोटे लेख मागवत होते. कथा नको, कविता नको, घडलेलं हवं. स्वतः पाहिलेलं, किंवा ऐकलं असेल तर कुणाकडून ते सांगून लिहिलेलं. इंग्रजीत, नाहीतर कुठल्याही भारतीय भाषेतून इंग्रजीत आणलेलं. मानधन नाही, पुस्तकाच्या दोन प्रती.

चेन्नईत राहणाऱ्याला पाण्यावर लिहायला विषय शोधावा लागत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव आटले तेव्हा टँकरच्या वेळेवर आमच्या सोसायटीचं घड्याळ लावलेलं असायचं. त्या भांडणांवर मी डोळे मिटून खरं लिहू शकले असते. कोणी कुणाच्या घागरीला लाथ मारली तेही माझ्यासमोर घडलेलं. पण मी २०१५चा पूर निवडला. पुरात नाट्य जास्त, हे एकच कारण.

१ डिसेंबर २०१५, मंगळवार. आधीचा सबंध नोव्हेंबर पावसात गेलेला, तळी तुडुंब. त्या चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटीमीटर पाऊस पडला. रात्री चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी सोडलं जात होतं आणि अड्यार नदी दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत शिरली. सैदापेट, जाफरखानपेट, कोट्टूरपुरम. वीज गेली, मोबाइल मुके झाले, विमानतळ बंद पडला.

आम्ही तिरुवान्मियूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या घरात पाणी आलं नाही. अंधार होता, दुधाची पिशवी शंभर रुपयांना घ्यावी लागली, मुलाचा फोन लागेना म्हणून जीव टांगणीला लागला होता. आमच्या वाट्याला आलेला पूर एवढाच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का मात्र कोट्टूरपुरमला नदीकाठच्या चित्रा नगरात राहायच्या. पहाटे पाणी कसं चढलं, तळमजल्यावरची माणसं वरच्या मजल्यांवर कशी गेली, गच्चीवर किती जण होते, हे त्यांनी मला नंतर भांडी घासता घासता तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. माझं तमिळ तेव्हाही कामापुरतंच होतं. निम्मं कळलं, निम्मं मी मनानं भरून घेतलं.

पहिला खर्डा खरा होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यात अक्का होत्या, त्यांनी सांगितलेलं होतं आणि ऐकणारी मी कोरड्या घरात होते. मग मी तो ‘सुधारायला’ बसले. ‘अक्का म्हणाल्या’ हे सारखं सारखं येत होतं, वाचताना अडखळत होतं, म्हणून काढलं. त्या काढल्यावर ‘त्या गच्चीवर गेल्या’ हे वाक्य कुणाचं, असा प्रश्न आला, म्हणून ‘आम्ही गच्चीवर गेलो’ केलं. पुढच्या वाचनात ‘आम्ही’ ढिलं वाटलं. ‘मी’ घातल्याबरोबर लेख ताठ उभा राहिला. खोटं बोलायचं असं ठरवून मी एकही वाक्य लिहिलं नाही. प्रत्येक दुरुस्ती भाषेची होती, आणि शेवटी कोट्टूरपुरमच्या गच्चीवर भिजत मी उभी होते.

एकदा तिथे पोचल्यावर मग हात मोकळा सुटला. अक्कांनी पाण्यातून काय वाचवलं ते मला नीट आठवत नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यातली मुरुगनची तसबीर त्यांच्या (म्हणजे आता माझ्या शेजारणीच्या) छातीशी दिली. सुरुवात जरा सपाट होती, म्हणून २ डिसेंबरच्या सकाळी दारात पडलेला ‘हिंदू’ लिहिला. उचलायला गेले तर लगदा हातात आला आणि मथळ्यातला एकच शब्द वाचता येत होता, असं काहीतरी. ही जागा माझी मला फार आवडली. नवऱ्याला वाचून दाखवताना मी तिथे थांबलेसुद्धा.

उत्तर यायला बराच काळ गेला. छोट्या प्रकाशनात वाचणाऱ्या व्यक्तीच पार्सलं बांधतात आणि बिलंही भरतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी मधल्या काळात चौकशीचा एक जरा तिखट मेल करून ठेवला होता. संपादकबाईंचं उत्तर मवाळ होतं. लेखाच्या फाइलमध्ये समासात त्यांनी प्रश्न लिहिले होते. तुम्ही त्या रात्री नेमक्या कुठल्या इमारतीत होता? ही शेजारीण कोण, तिला लेख माहीत आहे का? आणि पेपरच्या वाक्यासमोर: २ डिसेंबरचा ‘हिंदू’ छापलाच गेला नव्हता, हा कुठला पेपर?

खरंच छापला गेला नव्हता. छापखाना शहराबाहेर मरैमलै नगरला, पाण्यामुळे कामगार तिथे पोचू शकले नाहीत. १८७८ साली सुरू झालेल्या या पत्रानं अंक न निघण्याची ही पहिलीच वेळ असल्याचं सांगितलं आणि जगभर त्याची बातमी झाली. चेन्नईत राहून, रोज तोच पेपर घेऊन, मला ते आठवलं नव्हतं. म्हणजे त्या सकाळी मी दारात पाहिलंही नव्हतं.

इथेच मी हात जोडले असते तरी निभावलं असतं. मी उलट लिहिलं. आधी, तो आदल्या दिवशीचा पेपर असेल, अशी सारवासारव. मग दोन परिच्छेद साहित्यातल्या सत्याविषयी: अनुभवाचा गाभा खरा असला की तपशिलाला मोकळीक असते, मराठीत आमच्याकडे ललित लेखनाची मोठी परंपरा आहे, वगैरे. दुर्गाबाई भागवत आणि इरावतीबाई कर्वे या दोघींना मी साक्षीला उभं केलं. इरावतीबाई पंढरीच्या वाटेवर स्वतः चालल्या होत्या आणि दिंड्यांमधली जातींची वेगवेगळी चूल त्यांनी स्वतः पाहून, टोचणी लागून लिहिली, हे त्या क्षणी मला सोयीस्करपणे आठवलं नाही. ‘सत्यकथे’च्या राम पटवर्धनांनी केलेल्या सूचना घेऊन लेखक पुन्हा लिहायला बसत, हे कॉलेजात असताना मी कौतुकानं ऐकलेलं. पण तो मान ‘सत्यकथे’चा. इथल्या दोन खोल्यांतल्या प्रकाशनानं मला प्रश्न विचारावेत हेच मला लागलं होतं. माझा लेख घेऊन आपण त्यांच्यावर उपकार करतोय, असं कुठेतरी होतं.

ज्या शहरात मी हे मनात आणत होते, त्या शहराचा इतिहासही मला माहीत नव्हता. १९५९ साली ट्रिप्लिकेनमधून सी. सु. चेल्लप्पांनी ‘एळुत्तु’ काढलं. पदरचे पैसे घालून चालवलेलं छोटं मासिक, आणि तमिळ नवकविता ज्या पानांवर उभी राहिली त्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. पुस्तकांचं ओझं घेऊन हा माणूस कॉलेजाकॉलेजांत विकायला हिंडायचा. त्यांनी स्वतःच छापलेल्या ‘सुदंदिर दागम’ या कादंबरीला त्यांच्या मृत्यूनंतर, २००१मध्ये, साहित्य अकादमी मिळाली.

आणि अशोकमित्रन. जेमिनी स्टुडिओत पेपरातली कात्रणं कापून फायलीत लावायचं काम करणारा हा लेखक. त्या दिवसांच्या त्यांच्या आठवणी इंग्रजीत आहेत, त्यातला एक भाग बारावीच्या पुस्तकातही आहे. ‘एन्काउंटर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या कथास्पर्धेची छोटीशी सूचना त्यांनी ‘हिंदू’त वाचली. हस्तलिखित इंग्लंडला पाठवायचं तर टपालखर्च मोठा, म्हणून आधी ते ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात जाऊन अंक पाहून आले. संपादकाचं नाव वाचलं तर स्टीफन स्पेंडर, पूर्वी एकदा स्टुडिओत येऊन गेलेले कवी! गंमत त्या योगायोगाची आहेच, पण मला आता खुपतं ते दुसरंच. ते अंक बघायला गेले होते. मी या प्रकाशनाचं एकही पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर प्रत्येक लेखाखाली, लेखक त्या घटनेच्या वेळी कुठे होता, याची ओळ असते हे कळलं असतं.

लेख परत आला. इतर लेखनासाठी शुभेच्छा, आणि एक वाक्य: शेजारणीला विचारून पुन्हा लिहावंसं वाटलं तर संग्रहाला अजून अवकाश आहे. मी बरेच दिवस काहीच केलं नाही.

तोवर दिवाळी अंक आला. मुरुगनची तसबीर, न छापलेला पेपर, सगळं जसंच्या तसं, वर चित्रकारानं काढलेली गच्ची. वाचकांची पत्रं आली. नागपूरच्या एका वाचकानं भिजलेल्या पेपरच्या प्रतिमेविषयी इतकं छान लिहिलं होतं की मी ते पत्र दोनदा वाचलं आणि उत्तरात आभार मानले. खुलासा करायला ती जागा चांगली होती. संपादकांना मी शेवटी कळवलं, पण दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो आणि पुढच्या वर्षीच्या अंकात मागच्या वर्षीच्या एका पेपरची दुरुस्ती कोण छापणार?

अक्कांना पुरानंतर पेरुंबाक्कमला घर मिळालं होतं, शहराच्या दक्षिणेला, आठ मजली इमारतींच्या रांगांमध्ये. इतक्या लांबून येणं जमेना म्हणून त्यांनी आमचं काम सोडलं होतं. बस बदलत मी गेले. बरोबर मिठाई नेली होती, तीही जरा अवघडून. लेख मोडक्या तमिळमध्ये सांगितला. तसबिरीपाशी आल्यावर त्या हसायलाच लागल्या.

“मुरुगनला काय होतंय अम्मा, तो त्याचा वर चढला असता. मी मिक्सी नेली. डोक्यावर.”

सरकारकडून फुकट मिळालेला मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा. जयललितांच्या त्या योजनेतला मिक्सर. ग्राइंडर जड, तो बुडाला. पंखा शेजारच्यांनी वर नेला तो परत मिळालाच नाही, त्यावरून पुढे झालेलं भांडण त्यांनी मला सविस्तर सांगितलं. या भांडणात माझ्या साडेतेराशे शब्दांपेक्षा जास्त पूर होता. मी लिहून घेत होते. मग त्या सहज म्हणाल्या, “पाणी उतरल्यावर मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? मोबाइल लागत नव्हता म्हणून चालत आले. दारातच तुम्ही विचारलंत, उद्यापासून येशील ना?”

मला आठवत होतं. त्यांच्या साडीला घोट्यापर्यंत चिखल होता. मी त्यांना घरात घेतलं, कॉफी दिली, पैसेही दिले, पण ते त्या प्रश्नानंतर. सबंध पुरातलं, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या दारात घडलेलं हे एवढं एकच. पहिल्या, खऱ्या खर्ड्यातही मी ते घातलं नव्हतं.

छापायला परवानगी आहे का विचारलं तर अक्कांनी उलट विचारलं, पैसे किती मिळतात. दोन प्रती, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. एवढा प्रवास करून बाई दोन पुस्तकांसाठी आली, हे त्यांना पटलं नसावं. नाव घालायचं नाही, या अटीवर हो म्हणाल्या.

नवा लेख आठशे शब्दांत बसला. मिक्सर आला, पंख्याचं भांडण आलं, अक्का परत ‘त्या’ झाल्या. जुनी आवृत्ती मराठीत छापून आली आहे आणि तिच्यात काय खोटं आहे, तेही या वेळी आधीच कळवलं. संग्रह रखडला होता, छोट्या प्रकाशनांचे रखडतातच, म्हणून जागा शिल्लक होती. संपादकबाईंनी घेतला. बदल एकच सुचवला: दारातला प्रश्न मी शेवटाकडे एका कंसात ठेवला होता, तो कंसातून काढून पहिल्या परिच्छेदात आणायचा. मी आणला. प्रूफ आलं तेव्हा, ओघाला आड येतंय असं कारण देऊन, मी ते वाक्य खोडून पाठवलं. त्यांनी काही न लिहिता ते पुन्हा जागेवर बसवलं, आणि पुस्तक तसंच छापलं गेलं.