पणजीचं माहेर

जून लागला की दिग्रसच्या तहसील कचेरीसमोर माणसं आपापले पणजोबा शोधायला येतात. पोराची बारावी झालेली, जातपडताळणी अडलेली, आणि पुरावा हवा तो ठरलेल्या तारखेआधीचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. कोतवाल बुकाची नक्कल हाती आली की माणूस ती सगळी वाचतही नाही. जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो, ‘सापडलं’ म्हणतो आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे पळतो. पणजोबा तेवढ्यापुरतेच हवे असतात.

मी मात्र तशाच एका नकलेपाशी अडकून राहिले. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे कोतवालाने लिहायचं. माझ्या आजोबांच्या जन्माची ती ओळ. तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे, पुढे ‘मुलगा’. बारसं व्हायचं होतं, म्हणून मुलाला नाव नाही, हे समजण्यासारखं. पण आई? जन्माच्या नोंदीत बाळंतीणच नाही.

या वाटेने मागे जायचं तर पत्तेही बदलत जातात. जुन्या कागदांत दिग्रस दारव्हा तालुक्यात असतं, आणि 1905 पूर्वीचा कागद असेल तर जिल्हा यवतमाळऐवजी वणी. त्याहून जुन्यासाठी मोडी वाचणारा गाठावा लागतो. एवढं करून हाती येतात ते पुरुषच, एकाच्या मागे एक.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे तरी माझी पणजी असेल असं वाटलं होतं. त्यांच्या नामावळ्यांना तोड नाही. आडनाव आणि मूळ गाव सांगा, गुरुजी बाड काढतात आणि तुमच्या खापरपणजोबाचं अक्षर तुमच्यासमोर ठेवतात. बाप, चुलते, भाऊ, मुलं, सगळी शाखा-उपशाखांसह. बायका आल्याच तर सासरच्या नावाने. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, आईच्या वडिलांचाही होतो. पण कितीतरी घरांत लग्नात मुलीचं नावच बदलायचे, तेव्हा पिंड घेणारी ती कुणाची लेक होती हे दर्भालाच ठाऊक.

आयर्लंडच्या चर्चमधली दप्तरं म्हणून मला हेवा वाटायला लावतात. तिथल्या कॅथलिक पाद्र्याला स्त्रीमुक्तीचं काही पडलं नव्हतं. त्याला बाप्तिस्मा नोंदवायचा होता. पण साध्याशा ओळीत तो बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट आणि दोन धर्ममातापित्यांची नावं लिहून ठेवी, बरेचदा लॅटिनमध्ये. हे धर्ममातापिता पुष्कळदा मामा-मावशी-आत्यांतलेच असत, म्हणजे कधीकधी माहेरचा आणखी एक धागा. सरकारी जन्मनोंदणी तिथे सर्वांसाठी सुरू झाली ती 1864 मध्ये. 1845 पासूनच्या दुष्काळात देश सोडलेल्यांच्या नातवंडांना त्याआधीचं काही हवं तर चर्चचीच वही. त्यात जून 1922 मध्ये यादवीत डब्लिनचं अभिलेखागार जळालं. 1821 ते 1851 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद गेले, तिथे ठेवलेली प्रॉटेस्टंट चर्चची दप्तरंही गेली. कॅथलिक वह्या आपापल्या गावात राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. 2015 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रं सर्वांना फुकट खुली केली. बोस्टनमध्ये बसून एखादी बाई आज आपल्या खापरपणजीचं माहेर काढू शकते. मला ते इथल्या इथे, बसने तासाभराच्या टापूत, सापडत नाही.

आमच्याकडे हे काम कागदाने केलंच नाही. बंजारा तांड्यांतून ढाडी पिढ्या गाऊन सांगत. आमच्या आळीत सुनांना ‘आर्णीवाली’, ‘पुसदवाली’ म्हणत. बाई गेली की ती नोंदही गेली. राहिली ती भांडी. लग्नात मामाने, भावाने दिलेल्या पितळी भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत होती, आणि ते ठोकणाऱ्याला कुठल्या रकान्याची अडचण नव्हती. पैसे देणारा सांगेल ते तो टिंबाटिंबांनी उमटवी.

आमच्या माळ्यावरच्या घंगाळावर चिंचेने घासल्यावर अक्षरं दिसली. देणाऱ्याचं नाव, ‘यांजकडून बहिणीस’, आणि गाव: वडगाव. आनंद फार टिकला नाही. यवतमाळ जिल्ह्यात वडगावं किती, हे पोस्टमनला विचारावं. आत्याला विचारलं, तर तिला गाव आठवेना. म्हणाली, “तुह्या पणजीले नागपंचमीले माहेरी जाताच येत नोतं. मंधात अरुणावती, थे भरून वाहे.”

म्हणजे नदीपलीकडची वडगावं तेवढी पाहायची. यादी केली आहे. कोतवाल बुकं नंतर. आधी तिथल्या जुन्या घरांत घंगाळावरचं ते नाव कुणाला ओळखीचं वाटतं का, ते विचारत फिरते आहे.