बिअर, पाणी आणि आमचा जालना

मागच्या धाग्यात आपण असईच्या रणभूमीवर होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने केळणा नदीचा उतार शोधला, तो दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून. इतकी जवळ असलेली गावे म्हणजे मध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हा त्याचा तर्क. तो धागा वाचून एका मित्राने विचारले, त्या रात्री हे गोरे सैनिक प्यायले तरी काय? बिअर?

उत्तर एका ओळीत देता आले असते. पण मला बिअर आवडते, आणि जालना जिल्ह्यातल्या माणसाने हे चारचौघांत लिहिणे वाटते तितके सोपे नाही. म्हणून आजचा धागा थोडा इतिहासाचा आणि थोडा माझा आहे.

आधी मित्राचे उत्तर. कंपनीच्या गोऱ्या शिपायाला दारूचा जो शिधा मिळे तो अरकाचा. अरक येथेच गाळला जाई, स्वस्त पडे, थोडक्या पिंपांत बैलांवर लादून नेता येई. बिअर ही विलायतेहून जहाजाने येणारी, जड आणि महाग वस्तू. ती अधिकाऱ्यांच्या मेजावर असे. पुढे जालन्याला मद्रास फौजेची आणि नंतर हैदराबाद कंटिंजंटची छावणी राहिली. इंग्रजी कागदांत तिचे नाव 'जॉलना' असे लिहिलेले सापडते. बंदरापासून इतक्या आत, घाट चढून आलेली बिअरची बाटली या छावणीत किती जपून उघडली जात असेल, याची कल्पना करायला मला आवडते.

या बिअरभोवती एक दंतकथा आहे. हिंदुस्थानचा लांबचा प्रवास सोसावा म्हणून इंग्रजांनी जास्त मद्यार्काची, जास्त हॉप्सची खास बिअर शोधून काढली आणि तीच 'इंडिया पेल एल', असे ठिकठिकाणी वाचायला मिळते. ही गोष्ट खरी नाही. भरपूर हॉप्स घातलेली, मुरवून पिण्याची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनचा कारखाना कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होता, आणि तो कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. त्याच्या यशाचे मोठे रहस्य एवढेच. १८२० नंतर बर्टनच्या ऑलसॉपने तो बाजार काबीज केला. या बिअरमध्ये मद्यार्क साधारण सहा टक्के, म्हणजे त्या काळच्या मानाने बेताचाच. शिवाय काळीभोर पोर्टरही त्याच समुद्रावरून हिंदुस्थानात सुखरूप येत होती. उधारीच्या वहीतून जन्मलेली कीर्ती शौर्यकथा म्हणून सांगितली गेली, एवढाच काय तो फरक.

बर्टनला मात्र एक खरा लाभ होता, तो तेथल्या पाण्याचा. त्या पाण्यात जिप्सम विरघळलेले, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार उतरे. याच्या उलट बोहेमियातल्या पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू. तेथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, पारदर्शक लागर तयार केली. आज जालन्याच्या कोणत्याही बिअर शॉपीत मिळणाऱ्या बाटलीची ती थेट पूर्वज. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'मेदक' नावाच्या तांदळाच्या सुरेचे प्रमाण दिले आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एकाच मापात आणले तर सोळा भाग पाणी, दोन भाग तांदूळ, तीन भाग किण्व. पहिला उल्लेख पाण्याचा. पाण्याचे हे प्रकरण पुढे माझ्या अंगावर येणार आहे, ते लक्षात ठेवावे.

माझी पहिली बिअर मी कायद्याने सज्ञान झाल्यावरच घेतली, हे आजीला कधी कळले तर सांगता यावे म्हणून येथे नोंदवून ठेवतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस लागते, कडक मद्यासाठी पंचवीस. कागदोपत्री परवानाही लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो म्हणून तो आपल्याकडे उशिरा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मग तोही आला. आज या दारूबंदीच्या कायद्याखालीच दारू विकली जाते, पिणाऱ्याने परवानाधारक असावे असा त्यात नियम आहे, आणि म्हणूनच आपल्याकडच्या बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असते. अन्य राज्यांतल्या मित्रांना हा शब्द समजावून सांगताना माझी नेहमी करमणूक होते.

ती पहिली बिअर स्ट्राँग होती. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, एका मित्राच्या वाढदिवसाला. बर्फात पुरून ठेवलेली, घशाखाली एका दमात उतरवायची. चव अशी काही जाणवलीच नाही. आपल्या देशात खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते. त्याच पैशांत अधिक चढते, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्या हिशेबाला मी नावे ठेवत नाही. दिवसभर लोखंडाच्या भट्टीपाशी उभा राहणारा माणूस चवीच्या शोधात बारमध्ये येत नाही. पण ज्याला बिअरची गोडी लागावी असे वाटते त्याने माइल्डपासून सुरुवात करावी, हे माझे मत आहे. १९७८ मध्ये नव्याने बाजारात आलेली किंगफिशर, तिची साधी माइल्ड बाटली, आजही माझी नेहमीची आहे. ती थोर आहे असा माझा दावा नाही. एप्रिलच्या संध्याकाळी गच्चीवर तिच्याइतके साधे आणि योग्य दुसरे काही नसते, एवढेच म्हणतो.

खरी आवड जडली ती पुण्यात, गव्हाच्या बिअरवर. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि ताज्या बिअरची चव महाराष्ट्राला कळली. त्या नावातही इतिहास आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. ऊन, ताप, रिकामा वेळ आणि दारू यांनी काहींचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डूलाली' म्हणू लागले. आपल्या देवळालीचा असा उद्धार झाला.

गव्हाची जर्मन बिअर गढूळ असते आणि तिला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. त्यात केळे नसते, लवंगही नसते; ती किमया किण्वाची. बेल्जियन प्रकारात मात्र धने आणि नारिंगाची साल खरोखरच घालतात. हे प्रथम कळले तेव्हा मनात आले की आमच्या जालन्याच्या मोसंबीची साल घालून कोणी का पाहत नाही? भौगोलिक मानांकन मिळालेले फळ आहे. धने तर घरोघरी आहेतच.

आता कशी प्यावी, याविषयी थोडे. आपल्याकडे 'चिल्ड' हा एकच निकष. पण फार गार झाले की जीभ बधिर होते आणि सगळ्या बिअर सारख्याच लागतात. लागर चार ते सात अंशांवर ठीक. गव्हाची जरा कमी गार, आणि काळी स्टाउट दहा-बारा अंशांवर. म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ थांबावे. आमच्याकडे मे महिन्यात पाच मिनिटे पुरतात. पेला साबणाचा अंश न राहिलेला असावा, नाहीतर फेस धरत नाही. तो तिरका धरून ओतावे आणि शेवटी सरळ करावा. वर दोन बोटे फेस हवाच, कारण सुगंध त्यातूनच वर येतो. फेस पाहून 'कमी भरली' म्हणणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. बाटलीवरची तारीख वाचावी. वाइन मुरते तशी ही बिअर मुरत नाही, जितकी ताजी तितकी बरी. आणि दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात मांडलेली बाटली कधी घेऊ नये. हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाश पडला की एक कुबट दर्प येतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी राखते, हिरवी फारसे नाही.

चकण्याला भाजलेले शेंगदाणे, बस्स. ठेच्याबरोबर स्ट्राँग घेण्याचा पराक्रम मी एकदा केला आहे. मद्यार्काने मिरचीचा दाह वाढतो, हे त्या रात्री शास्त्राविना पटले. थंडीत शेतावर हुरडा असेल आणि गव्हाची बिअर असेल तर मला आणखी काही नको. ज्वारीचीही बिअर होते, बरे का. आफ्रिकेत ती शतकानुशतके घरोघरी होते, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीची आयात बंद केली तेव्हा तेथल्या मोठ्या कारखान्यांनी ज्वारीकडे मोर्चा वळवला.

इथवर सारे आनंदाचे होते.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी शाळेत होतो. निजामकालीन घाणेवाडी जलाशय आटला होता आणि जालना शहर टँकरवर जगत होते. आमच्या गावाकडे मामाने मोसंबीची बाग स्वतःच्या हाताने तोडली. कित्येक वर्षे जपलेली झाडे सरपण म्हणून गेली. तीन वर्षांनी पुन्हा तेच. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते याच २०१६ च्या एप्रिलमध्ये. आणि त्याच वेळी आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, वाळूजच्या बिअर कारखान्यांना जायकवाडीचे पाणी मिळत होते. औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी आणि पुढे साठ टक्के कपात करण्याचा आदेश दिला. आमच्या घरी ती बातमी मोठ्याने वाचली गेली. वडील माळकरी. ते एवढेच म्हणाले की साठच का?

पुढे इतिहास शिकताना मी हा हिशेब मांडून पाहिला. एक लिटर बिअर करायला कारखान्यात साधारण चार ते पाच लिटर पाणी लागते. मोकाट पाणी दिलेल्या उसाला वर्षभरात सुमारे दोन मीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. तेवढ्या पाण्यात साठ लाखांहून अधिक बाटल्या बिअर होईल. एका हेक्टरात. मराठवाड्याचे पाणी कोण प्याले, या प्रश्नाचे खरे उत्तर बाटलीत नाही, उसाच्या फडात आहे. बाटली डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर रागावणे सोपे जाते, असे मी एका निबंधात लिहिले. गुण चांगले मिळाले.

तो निबंध आजीला वाचून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. आजीच्या धाकट्या भावाला दारूने नेले. देशी दारूने, चपटीने. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून बायकांनी सह्या गोळा केल्या, मतदान लागले. उभी बाटली की आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. नियम असा की मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत. आजी सकाळी सातला रांगेत होती. मते थोडक्यात कमी पडली, कारण गावातल्या कितीतरी बायका तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या होत्या. पाणी ज्या उसाने प्याले, मतेही त्यानेच नेली. हे माझ्या निबंधात नव्हते. मला ते फार उशिरा सुचले.

यंदा दिवाळीत आजीला सांगितले. लपवत राहणे मला जमेना. ती निवडत असलेले ताट बाजूला न ठेवता बराच वेळ गप्प होती.

"चपटी?"

"नाही आजी. बिअर. महिन्यातून एखादी."

"कशाची असते ती?"

"सातूची. सातू भिजवून मोड आणतात, मग वाळवून भाजतात, आणि…"

"सातू?" तिने प्रथमच वर पाहिले. सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवून तिने मला लहानपणी कितीदा दिले होते. त्या पिठात बहुधा गहू आणि फुटाण्याची डाळच असते, खरा सातू क्वचितच, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

"मोड आणून, भाजून, मंग सडवायचं?"

"हो."

"काहून रे बाबा? भाजल्यावरच खायचं ना."

मी हसलो. ती हसली नाही. ताटातले खडे वेचत राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या बापाला सांगू नको."